विद्यापीठाची बांधिलकी आणि तलावाची पाळ



पर्यावरणाशी आणि समाजाशी आपली बांधिलकी जाहीर करण्याची रीत विद्यापीठांत आता रूढ झाली आहे. १९९० साली फ्रान्समधील तालुआर येथे विद्यापीठप्रमुखांनी तसे घोषणापत्र काढले. १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण-शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि यथावकाश तो विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला. तेव्हा उणीव घोषणांची नाही. त्यांचा हिशेब कोठे तपासायचा, एवढाच प्रश्न आहे. भंडारा जिल्ह्यापुरते उत्तर सरळ आहे: तो तलावाच्या पाळीवर तपासावा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने आणि कोहळी समाजाच्या कसबाने त्यांतील कितीतरी बांधले गेले. उतार ओळखून पाळ घालायची, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला जोडायचा, तुडुमातून हवे तेवढेच पाणी धानाच्या बांधीत सोडायचे, हे शास्त्र त्यांनी कोणत्याही पदवीवाचून सिद्ध केले. अर्थात त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पाळीवर माती वाहणाऱ्यांच्या वाट्याला जमीन क्वचितच आली.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. पण मालगुजाराच्या जागी गाव आले नाही, खाते आले. शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. मालकी सरकारची, निगा कोणाचीच नाही, अशा अवस्थेत गाळ साचला, अतिक्रमणे वाढली, काठावर बेशरम माजली.

सामाईक मालमत्तेचा नाश अटळ आहे, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला, आणि खासगीकरणाच्या कैवाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या मच्छीमारांचे, पाटकऱ्यांचे, कुरणे राखणाऱ्यांचे अनुभव तपासून दाखवून दिले की नियम करण्याचा अधिकार लोकांच्या हाती असेल, तर लोक सामाईक संपत्ती पिढ्यानपिढ्या राखतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा सिद्धान्त वर्गात शिकवायचा आणि महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडचा तलाव मात्र पाहायचा नाही, याला विद्या म्हणता येणार नाही.

पाहण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या साथीने तलावांतील बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो, ही माहिती ढिवरांच्या घरांत होती, प्रयोगशाळेत नव्हती. हे ज्ञान पोटाशी बांधलेले आहे. स्थानिक मासा संपला की ढिवराच्या घरचे कालवण संपते.

भंडाऱ्याची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते १९२३ साली नागपुरात स्थापन झाले. २००५ पासून ते 'ग्रामगीता'कार राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिरवते. ते नावच गावाशी करार करून बसले आहे. विद्यापीठ ज्या शहरात उभे आहे, त्याचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि तो सारा मळ पवनी तालुक्यातील गोसेखुर्दच्या जलाशयात येऊन साचतो. १९८८ साली ज्या धरणाची पायाभरणी झाली, ज्यासाठी गावे उठली, त्याच्या पाण्यात शहराची घाण यावी, हा केवळ पर्यावरणाचा प्रश्न नव्हे. लाभ वरच्याने घ्यावा आणि भार खालच्याने वाहावा, हा जुनाच वर्गन्याय नदीच्या रूपाने वाहतो आहे. आवारात सौर पट्ट्या बसवून आणि झाडे लावून तो मिटणार नाही. त्या गोष्टी चांगल्या आहेत, पण पुरेशा नाहीत.

मग मागायचे काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. त्या धोरणाविषयी आक्षेप असतील, ते असोत; ही फट वापरली पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील तलावांची नोंदवही ठेवावी: गाळ किती, पाणी किती महिने टिकते, मासे कोणते, निस्तार हक्क कोणाचे, अतिक्रमण कोणाचे. जाणत्या ढिवर स्त्रीपुरुषांना मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे. नोंदवहीचे वाचन दरवर्षी ग्रामसभेत व्हावे, म्हणजे ती कपाटात पडून राहणार नाही. आणि नागेच्या पाण्याची तपासणी विद्यापीठाने स्वतः करून तिचे निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत.

विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. त्या निवडणुकीकडे कार्यकर्ते बहुधा मध्यमवर्गीयांचा खेळ म्हणून पाहतात. ही उपेक्षा परवडणारी नाही. गावोगावच्या पदवीधरांची नोंदणी करून हा कार्यक्रम अधिसभेत नेणे, आणि तोच मासेमार संस्थांच्या बैठकीत समजावून सांगणे, ही दोन्ही कामे एकाच कार्यकर्त्याने करण्याजोगी आहेत. विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालते. त्याच्याकडे हिशेब मागण्याचा पहिला हक्क ज्यांच्या मुलांना तेथवर पोचताच आले नाही, त्यांचा आहे.