आरोग्यसेवेतील परिवर्तन आणि नेतृत्व



तिगाव हे पांढुर्णा–सौसरच्या मराठीभाषी, संत्र्यांच्या बागांनी नटलेल्या मुलुखातले गाव. या मुलुखातील मनुष्याचे दुखणे जड झाले की त्याची पावले नागपूरची वाट धरतात. तेथील मोठ्या इमारती, यंत्रे आणि निष्णात वैद्य पाहून आरोग्य तेथेच वास करते, असा समज होणे साहजिक आहे. परंतु जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी ज्या बालकाचा श्वास जलद होऊ लागतो, त्याला नागपूर फार दूर असते. २०२० सालच्या नमुना नोंदणीनुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ बालके वर्षाची होण्यापूर्वीच दगावली. मध्य प्रदेशात हा आकडा ४३ होता, आणि मोठ्या राज्यांत तो सर्वांत अधिक होता. तेव्हा आरोग्यसंस्था कशा बदलतात आणि त्या बदलाचे धुरीणत्व कोणत्या गुणांनी पार पडते, हा प्रश्न केवळ वैद्यांच्या परिषदेत चर्चिण्याचा नाही. घरोघरच्या पाळण्यांशी त्याचा संबंध आहे.

नुसते ज्ञान असले म्हणजे संस्था बदलते, असा एक भाबडा विश्वास सर्वत्र आढळतो. त्याला व्हिएन्ना येथील एका घटनेने कायमचे उत्तर दिले आहे. तेथील मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस हे हंगेरियन वैद्य प्रसूतिविभागात सहायक होते. ज्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तेथे सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रिया अधिक. ज्या विभागात सुइणी शिकत, तेथे कमी. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी प्रसूतिगृहात येतात, हे सेमेलवाइस यांनी ताडले आणि १८४७ च्या मे महिन्यात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा दंडक घातला. एप्रिलमध्ये शंभरांत अठराहून अधिक स्त्रिया दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शंभरांत दोनच्या आसपास आले. इतका स्वच्छ पुरावा हाती असूनही ती सुधारणा टिकली नाही. सेमेलवाइस यांनी आपला ग्रंथ १८६१ पर्यंत प्रसिद्ध केला नाही; पुढे विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी ठरविले; आणि १८६५ साली मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. त्यांचे म्हणणे खरे होते. परंतु ज्यांच्या हातून ते आचरणात यायचे, त्यांची मने त्यांना वळविता आली नाहीत. वरिष्ठांचा अहंकार तर आडवा आलाच.

आता आपल्याच भाषेच्या मुलुखातील एक उदाहरण पाहावे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मॅबेल आरोळे हे दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे आले. हा भाग दुष्काळी. उभयतांचे वैद्यकीय शिक्षण उत्तम, आणि योजनाही रीतसर होती: शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवाव्यात आणि त्यांनी लोकांना आरोग्याचे धडे द्यावेत. ही योजना चालेना. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या त्या तरुण स्त्रियांना गाव आपले मानीना. तेव्हा गावकऱ्यांकडूनच सूचना आली की, गावातलीच एखादी बाई का शिकवीत नाही? हे दांपत्य थोर ठरले ते या सूचनेचा त्यांनी स्वीकार केला म्हणून. ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्यांतील कित्येक जणी उपेक्षित जातींतल्या होत्या, अशा स्त्रिया जामखेडला येऊन शिकू लागल्या आणि परत जाऊन आपापल्या गावात बाळंतपणे व बालसंगोपन सांभाळू लागल्या. वैद्य, परिचारिका आणि ग्रामीण स्त्री यांची उतरंड ज्या संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेली असते, तेथे असा बदल पचणे सोपे नसते. तो पचला, कारण आधी प्रमुखांनीच आपले आसन खाली घेतले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला.

दुसरे उदाहरण याहूनही जवळचे. गडचिरोलीचा प्रदेश पूर्वी चांदा जिल्ह्यात मोडत असे, आणि १९५६ पर्यंत चांदा व छिंदवाडा हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासींना रुग्णालयाची भीती वाटते, हे त्यांना दिसून आले. ‘लोक अडाणी आहेत’ असे म्हणून ते थांबले असते, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. त्यांनी मात्र रुग्णालयाचेच रूप बदलले: आदिवासी वस्तीसारख्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि लोकांच्या इच्छेप्रमाणे माँ दंतेश्वरीचे नाव रुग्णालयाला दिले गेले.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. बालकांतील न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाला किती श्वास होतात, हे मोजावे लागते. पण ज्या सुईणीला अंक येत नाहीत, तिने काय करावे? तिच्यासाठी मण्यांचे एक साधे यंत्र तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि मिनिट संपले की मणी पाहायचे. त्यानंतर गावातील ‘आरोग्यदूत’ स्त्रियांना नवजात बालकाची घरीच काळजी घेण्याचे आणि जंतुदोष झाल्यास इंजेक्शन देण्याचेही शिक्षण देण्यात आले. खेड्यातील स्त्रीच्या हाती सुई द्यावी काय, असा प्रश्न अनेकांना पडणारच. त्याचे उत्तर वादाने न देता मोजणीने देण्यात आले. ३९ गावांत हे काम झाले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. कामाच्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर उतरले. तुलनेच्या गावांत तशी घट झाली नाही. १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली भारत सरकारने ही गृहाधारित पद्धती देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपविली.

या दोन्ही उदाहरणांत परिवर्तनाचे तीन धागे स्पष्ट दिसतात. पहिला धागा ऐकण्याचा: ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांचा नकार हाही एक अहवालच असतो. दुसरा, ज्ञान वाटण्याचा. वाटलेले ज्ञान कमी होत नाही, हे सर्वांना पाठ असते. परंतु ज्ञानाबरोबर अधिकारही वाटावा लागतो, आणि तेथे हात आखडतो. तिसरा धागा प्रामाणिक मोजणीचा. मृत्यू दडपून आकडे सुंदर करता येतात; पण ज्या मृत्यूची नोंदच नाही, तो टाळण्याचा प्रयत्न कोण करणार? सेमेलवाइस यांच्यापाशी हा तिसरा धागा भक्कम होता, पहिले दोन निसटले.

तिगावच्या श्रोत्यांना हे सारे दूरचे वाटू नये. बाळ रुग्णालयात जन्मले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा कार्यकर्तीने घरी येऊन त्याला पाहावे, असा नियम आहे. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. पिशवीत वजनकाटा आणि तापमापक घेऊन दारी येणारी ही स्त्री गडचिरोलीच्या त्या प्रयोगाची वारस होय. मात्र २००५ साली सुरू झालेल्या या योजनेत ती स्वयंसेविकाच गणली गेली. तिची प्राप्ती मुख्यतः मानधन व कामागणिक मिळणाऱ्या रकमेवर अवलंबून राहिली. काम सोपवायचे आणि मान मात्र राखून ठेवायचा, असे झाले तर परिवर्तन अर्धेच राहते. शासनाने काय करावे हे शासनाला सांगितले जाईलच. परंतु तिला दाराबाहेर उभे ठेवायचे की पाळण्यापाशी बसवून तिचे म्हणणे ऐकायचे, हे तर प्रत्येक घराच्या हाती आहे. पांढुर्णा जिल्हा २०२३ साली नव्याने निर्माण झाला. नव्या जिल्ह्यात नव्या इमारती होतील, आणि त्या व्हाव्यातही. त्या इमारतींतील अधिकारी जेव्हा गावच्या आशा कार्यकर्तीला विचारतील की, ‘ताई, तुमच्या गावात या महिन्यात काय दिसले?’ आणि तिचे उत्तर वहीत लिहून घेतील, तेव्हा येथील आरोग्यसंस्था बदलू लागली असे म्हणता येईल.