स्वामी रामानंद तीर्थ आणि जबाबदार स्वराज्य

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून स्वामी रामानंद तीर्थ यांचे स्मरण दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी मराठवाड्यातील प्रत्येक शाळेत होते. परंतु ते पेशाने शिक्षक होते आणि अंबाजोगाईची शाळा सोडूनच ते लढ्यात उतरले, याचा उल्लेख त्या दिवशी क्वचितच ऐकू येतो.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हा सोलापुरास शिकत असलेल्या या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. पुढे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी अध्यापन केले, संन्यास घेतला आणि १९३५ साली ते अंबाजोगाईस, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादेस, आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी येथे योगेश्वरी विद्यालयाची उभारणी केली.

तो काळ कसा होता? निजामी राज्यात जाहीर सभा भरवावयाची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. ही सक्ती करणारी ५३ क्रमांकाची 'गश्ती' जुन्या पिढीच्या चांगलीच स्मरणात होती. घरी मराठी, तेलुगू वा कानडी बोलणाऱ्या मुलास उस्मानिया विद्यापीठात उर्दूतूनच शिकावे लागे. स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, बंदी आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्वामीजींनी सत्याग्रह करून कारावास पत्करला.

या लढ्याची मूळ मागणी होती 'जबाबदार राज्यपद्धती'. आरंभी निजामाचे सिंहासन हलविण्याची भाषाही नव्हती. कारभार करणाऱ्यांनी प्रजेला जाब द्यावा, एवढेच मागणे होते. ते मागणे दिसते तितके सौम्य नाही. जाब मागावयाचा तर प्रजेला कारभार समजला पाहिजे, सभेत बोलता आले पाहिजे, आणि विरुद्ध मत ऐकून घेण्याची सवयही पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशभर ध्वज फडकले, तेव्हा हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली; संस्थान मुक्त होण्यास आणखी तेरा महिने लागले.

संन्याशाने राजकारणात पडावे काय, असा प्रश्न विचारला जातो. स्वामीजींच्या बाबतीत संन्यास आणि राजकारण यांत विरोध नव्हता. मुक्तीनंतर ते कधीही मंत्री झाले नाहीत. लोकसभेवर मात्र १९५२ साली गुलबर्ग्याहून व १९५७ साली औरंगाबादेहून निवडून गेले. हैदराबाद राज्य अखंड ठेवावे असा आग्रह धरणारे वजनदार लोक होते. स्वामीजींनी भाषावार विभाजनाची बाजू घेतली. ज्या राज्यात त्यांचे नाव सर्वांत मोठे, तेच राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी विसर्जित झाले. खेडुताला स्वतःच्या भाषेतला अर्ज स्वतः लिहिता यावा, हा लाभ नेत्याच्या मोठेपणाहून निश्चितच मोलाचा होय.

आता शाळेकडे वळावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सभासद पालक, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. ही समिती म्हणजे गावच्या शाळेपुरती जबाबदार राज्यपद्धतीच. पण जेथे ठराव आधी लिहिला जातो आणि मग वही घरोघर फिरवून सह्या व अंगठे घेतले जातात, तेथे उरते ती केवळ वही. ऊसतोडीच्या हंगामात पुष्कळ पालक गावी नसतात, ही अडचण बीड जिल्ह्यात खरीच आहे. म्हणूनच महत्त्वाचे विषय ते गाव सोडण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत, सभेपुढे यावेत. खर्चाचा कागद मोठ्याने वाचून दाखवावा आणि एखाद्या मातेने प्रश्न विचारल्यास उत्तर मिळेपर्यंत सही मागू नये.

मुलांच्या मंत्रिमंडळाचेही तसेच. निवडणूक थाटाची होते. पुढे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गुरुजींच्याच खिशात राहते. ती चौथीच्या मुलांकडे द्यावी. दोन पुस्तके हरवतील. ती कोणी नेली याचा शोध मुलांनीच घ्यावा, आणि भरपाई कशी करावयाची तेही त्यांच्याच सभेत ठरावे.