चहाआधीची गोळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता करणारा माणूस, डॉक्टर नव्हे. तरी आज गळ्यातल्या एका ग्रंथीविषयी बोलणार आहे. फुलपाखराच्या आकाराच्या या ग्रंथीला मराठीत 'अवटु' म्हणतात. पण तो शब्द कोशातच राहिला, घरोघरी पोहोचला तो 'थायरॉइड'.

मोशीत आमच्या शेजारी एक मुलगी राहते. चाकणला कारखान्यात कामाला आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. पाळी कधी दोन-दोन महिने यायची नाही, आली की थांबायची नाही. अंगावर सूज, केस गळणं, सततचा थकवा. थकव्याचं खापर घरच्यांनी शिफ्टवर फोडलं आणि मूल नसण्याचं तिच्यावर. 'वांझ' हा शब्द भिंतीपलीकडून मी स्वतः ऐकलाय. पुरुषासाठी इतका सहज तोंडी येणारा शब्द मला तरी आठवत नाही.

शेवटी रक्ताची टीएसएच तपासणी झाली. आकडा फारच वाढलेला. डॉक्टरांनी समजावलं, की ग्रंथी मंदावली की मेंदू तिला जागं करायला जादा निरोप धाडतो. त्या धांदलीत दूध आणणारं प्रोलॅक्टिनही वाढू शकतं आणि स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. गर्भ राहिला तरी पडण्याची भीती असते. ग्रंथी अतिवेगानं चालली तरीही पाळी बिघडते. मिठाचं म्हणाल, तर आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. आता बऱ्याचदा शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटलेली असते. जपानचे डॉक्टर हाशिमोतो यांनी १९१२ साली वर्णन केलेला आजार तो हाच.

गोळी सुरू झाली. चार महिने गेले, डोसही वाढवला, आकडा हलेना. एकदा मी सहज विचारलं, "पोरी, गोळी घेतेस कधी?"

"चहाबरोबर, चाचा. सव्वापाचला कंपनीची बस येते. चहा, बिस्किट, रक्तवाढीची गोळी, सगळं एकदमच."

तिथंच पाणी मुरत होतं. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासानं, तासानं झाला तर उत्तमच. लोह आणि कॅल्शियम चार तासांनंतर. शिफ्ट बदलती असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनीही घेता येते. रमजानमध्ये आमच्याकडे सहेरीच्या घाईत हाच घोळ होतो.

आणखी एक. दिवस गेले की थोरल्या बायका म्हणतात, "गोळ्या बंद कर, गरम पडतील." असं अजिबात करू नये. पहिले तीन महिने बाळाला हे संप्रेरक मुख्यतः आईकडूनच मिळतं, त्यामुळे बहुधा डोस वाढवावाच लागतो. पाळी चुकताच डॉक्टरांना सांगायचं. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. खासगीत जाणं परवडत नसेल त्यांनी तिथल्या स्त्रीरोग विभागात विचारावं. आणि नवऱ्याचीही तपासणी करावी. दर वेळी दोष थायरॉइडचा नसतो, बाईचाही नसतो.

शेजारच्या मुलीला आता चौथा महिना आहे. गोळीमुळेच का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पहाटे चारला तिचा गजर वाजतो, भिंतीपलीकडून मलाही जाग येते. चहाचं आधण सासूबाई पाचला ठेवतात.