दोघांचे विसरणे



म्हातारपणी थोडे विसरायला होतेच. चष्मा कुठे ठेवला हे आम्हीही विसरतो. पण आपल्याच घरची वाट चुकणे निराळे. तो आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

अमेरिकेत युटा नावाचे राज्य आहे. तिथे १,२२१ म्हाताऱ्या जोडप्यांची अनेक वर्षे पाहणी झाली. ती २०१० साली छापून आली. एकाला हा आजार झाला, तर दुसऱ्याला होण्याचा धोका सहापट दिसला. घाबरू नका. दोघांनाही झाला अशी जोडपी अवघी ३०. आणि हा रोग शिवल्याने लागत नाही बरं का! मग असे का? एकाचे सारे करता करता दुसऱ्याची झोप उडते, काळजी पाठ सोडत नाही. हे एक कारण असावे, असे त्या अभ्यासकांना वाटले.

आमच्या पत्नीला विसर पडू लागला. तिला एकटी कशी सोडावी, म्हणून आम्ही पारावर जाणेच सोडले. वर्षभराने पाहतो, तो शेजाऱ्याचे नाव आठवेना! सुनेने ओळखले. म्हणाली, "मामंजी, रोज सांजेला पारावर जात जा. सासूबाईंपाशी मी बसते."

आता आम्ही जातो. पेपर मोठ्याने वाचून दाखवतो. परवा एकच ओळ दोनदा वाचली, तर पोरे हसली. हसू द्या.