दुर्मिळ दुखण्याची नोंदवही

पनवेलसारख्या गांवांत एखादा डॉक्टर चाळीस वर्षें रोगी तपासीत बसला, तरी मुलाच्या डोळ्याचा कर्करोग त्याच्या पाहण्यांत एकदोनदांच येईल; कदाचित् मुळींच येणार नाहीं. रेटिनोब्लास्टोमा नांवाचा हा रोग सुमारें पंधरा ते वीस हजार जन्मांमागें एका बालकास होतो, आणि तोहि बहुधा पांच वर्षांच्या आंत. बाहुलींत पांढरी झांक दिसणें हें त्याचें मुख्य लक्षण. वेळींच ओळखल्यास मूल वाचतें, पुष्कळदां दृष्टीहि वाचते. परंतु जो रोग एकट्या डॉक्टरास क्वचितच भेटतो, त्याचें ज्ञान व्हावें कसें? विखुरलेले रोगी एका वहींत मांडल्यानें.

१९७१ सालीं अमेरिकेंत आल्फ्रेड नुड्सन यांनीं या रोगाच्या अवघ्या ४८ रोग्यांच्या नोंदी पडताळल्या. दोन्ही डोळ्यांस होणारा रोग लवकर उद्भवतो, एकाच डोळ्याचा बहुधा उशिरां, हें पाहून त्यांनीं अनुमान बांधलें कीं, रोगास पेशीवर दोन आघात व्हावे लागतात व आनुवंशिक प्रकारांत पहिला आघात जन्मतःच झालेला असतो. पुढें तें अनुमान खरें ठरलें. म्हणूनच आज अशा मुलाच्या धाकट्या भावंडांचे डोळे रोग दिसण्यापूर्वींच तपासले जातात.

आपल्याकडे इंडियन कॅन्सर सोसायटीनें १९६३ मध्यें मुंबईंत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. १९८१ च्या अखेरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हातीं घेतला. १९८७ मध्यें बार्शीच्या ग्रामीण नोंदणीनें आणखी एक पाऊल टाकलें: रोगी येण्याची वाट न पाहतां कार्यकर्तेच खेडोपाडीं जाऊन विचारपूस करूं लागले.

या वह्या दोन प्रकारच्या. रुग्णालयाची वही कोणावर काय उपचार झाले व गुण किती आला तें सांगते. लोकवस्तीची वही अमुक प्रदेशांत दरवर्षी किती जणांस रोग झाला तें सांगते. दुसरींत रोगी कोठें बरा झाला यापेक्षां तो कोठें राहतो यास महत्त्व. पनवेलचें मूल परळच्या रुग्णालयांत गेलें आणि सोय म्हणून नातेवाइकांचा मुंबईचा पत्ता दिला, तर मुंबईच्या हिशेबांत एक मूल नाहक वाढतें व पनवेलचें एक नाहींसें होतें. एके ठिकाणीं ‘बाळ’ व दुसरीकडे पाळण्यांतलें नांव सांगितलें, तर एकाचीं दोन मुलें होतात. लाखांच्या हिशेबांत अशी चूक झांकून जाईल. पांचदहांच्या हिशेबांत ती सगळें चित्रच पालटते.

लोकापवादाच्या भयानें, विशेषतः मुलीच्या लग्नाच्या काळजीनें, रोग लपविणारीं घरें अद्याप आहेत. कांहीं जण गुण येतांच रुग्णालयाची वाट सोडतात. मग त्या मुलापुढें ‘पुन्हां आलें नाहीं’ एवढाच शेरा उरतो. तें वांचलें कीं गेलें, हें वहीस कळत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ मध्यें संकल्प केला कीं, २०३० पर्यंत कर्करोगी मुलांपैकीं निदान शेंकडा ६० वाचावींत. ही मोजणी वहीवांचून व्हावयाची नाहीं. म्हणून पालकांनीं मुलाचें एकच पुरें नांव, खरी जन्मतारीख व राहत्या घराचा पत्ता द्यावा, आणि मूल बरें झाल्यावरहि बोलावतील तेव्हां त्यास घेऊन जावें. बरें झालेल्या मुलाची हजेरी हीच पुढल्या मुलाच्या आईबापांस मिळणारी सर्वांत भरंवशाची आशा होय.