गुलाब लावण्यापूर्वीचा कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बागेविषयी चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु आपली पहिली गुलाबाची बाग जी मेली, तिच्या मरणात माझा वाटा मोठा होता. तेव्हा बोलण्याची पाळीही माझीच, असे मनाशी ठरवून उभी राहिले आहे.

आपल्यातल्या नव्या सुनांना ती हकीकत ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. आपल्या वसाहतीतील मोकळी जागा ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद. पापड-कुरडया आणि दिवाळीचा फराळ विकून मंडळाने पैसे साठविले होते, त्यांतून तेथे बाग करावयाची ठरले. एक बागकामवाले आले, त्यांनी रंगीत नकाशा उलगडला. मधोमध कारंजे, त्याभोवती गोल वाफे, त्यांत २० रंगांचे २०० गुलाब. चित्र इतके देखणे होते की सगळ्याजणी गप्पच झाल्या. त्यांनी विचारले, "काकू, पसंत आहे ना?" आणि सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण माझ्या अंगणात गुलाब आहेत.

खरे सांगते, त्या नकाशात दोन झाडांमध्ये एक फूट अंतर आहे हे मला दिसले होते. माझ्या अंगणात अडीच फुटांवरची झाडेदेखील एकमेकांत शिरतात, हे मी रोज पाहत होते. पण ज्याच्या हातात छापील नकाशा आहे त्याला मी काय सांगणार, असे मनात आले आणि मी "छान आहे" म्हणून मोकळी झाले.

फेब्रुवारीच्या अखेरीस लागवड झाली, नारळ फुटला, फोटो निघाले. मृगाच्या सुमारास मोजली तेव्हा ३१ झाडे शिल्लक होती. श्रावणात त्यांतली १९ अशी जोमाने वाढली की आम्हांला वाटले, गेलेले पैसे काही प्रमाणात तरी वसूल झाले. पण फूल येईना. शेवटी बुडाशी उकरून पाहिले, तेव्हा कळले की वरचे कलम केव्हाच वाळून गेले होते आणि जोमाने वाढत होता तो खालचा रानटी खुंट. गुलाबाचे कलम म्हणजे रानटी खुंटावर चांगल्या जातीचा भरलेला डोळा. तो डोळा मेला तरी खुंट जगतो, आणि आपण भोळेपणाने त्यालाच पाणी घालीत राहतो.

पैसे गेले त्याचे दुःख होतेच. परंतु समोरच्या आळीतल्या आजी एक वाक्य बोलल्या, ते अधिक लागले. त्या म्हणाल्या, "लोकांच्या घागरी रिकाम्या, अन् तुम्ही काट्याला पाणी घालता होय गं?" त्यावर कुणापाशी उत्तर नव्हते. दोघी-तिघी मंडळात येईनाशा झाल्या. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्या सासवांनी खडी फोडून काढला. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले. अशा मुलखात गुलाब लावणे हा उधळेपणा की काय, हे ठरविल्यावाचून पुढे जाता येत नव्हते.

माझी लेक कॉलेजात शिकते. तिने मला डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांच्याविषयी वाचून दाखविले. हे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. तांबेऱ्याला दाद न देणारा 'एन. पी. ८०९' हा गहू निघाला तो त्यांच्या कामातून. आणि त्याच गृहस्थांनी गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती तयार केल्या, १९६६ साली 'द रोझ इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. देशाच्या भाकरीची काळजी वाहणारा माणूस गुलाबही वाढवीत होता, हे ऐकून मला बरे वाटले. पण त्याने आजींचे उत्तर होत नाही. उत्तर सापडले ते आपल्या खजिना बावडीपाशी.

आपण सगळ्याजणी तेथे केव्हा ना केव्हा गेलेल्या आहोत. निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने ती बांधविली. तिचे पाणी जमिनीखालच्या पाटाने बलगुजार भागातील मळ्यांकडे नेले. मी तेथे उभी असताना मनात आले की, ह्या लोकांनी पाणी कोठून येणार आणि कोठवर पोचणार हे पक्के केले, मग मळे. आम्ही आधी कारंजे काढले आणि पाण्याचा विचार नळावर सोडला. म्हणून दुसऱ्या खेपेस मी मंडळात सांगितले की, आता नकाशा नको. आधी एक कागद लिहू आणि सर्वांना वाचून दाखवू.

कागदावर पहिल्यांदा लिहिला तो पाण्याचा हिशेब. वाढलेल्या झाडाच्या बुडाशी उसाचे पाचट पसरलेले असेल, तर आपल्या उन्हाळ्यात एका वेळेस ८ लिटर, तेही दिवसाआड, असे मी धरले. जुन्या २०० झाडांना ह्या हिशेबाने एका वेळेस १६०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे १०० हून अधिक हंडे लागले असते. हे कुणी आधी मांडले असते, तर नकाशा तिथेच गुंडाळला गेला असता! मग उलटा हिशेब केला. आपली घरे २४. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेले पाणी प्रत्येक घराने साठवून दिवसाआड एक हंडा दिला तर ३६० लिटर होते. त्याला ८ ने भागले की ४५ झाडे. म्हणून आपल्या बागेत ४५ गुलाब आहेत. शेहेचाळिसावे झाड कुणी भेट म्हणून दिले तरी घ्यावयाचे नाही, असे कागदावर लिहिले आहे. त्यावरून एका वहिनींचा थोडा रुसवाही झाला.

पाणी कोणते नको, तेही लिहिले. साबणाचे नको. आणि घरोघरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे पाणी वाया जाते ते पुष्कळ असते खरे, पण पाण्यातला सगळा क्षार त्यातच उतरलेला असतो. आपली जमीन आधीच चुनखडीची. त्यात हे पाणी पडत राहिले की मातीवर पांढरा थर धरतो आणि पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्याला हिराकस घालतात. पण आधी दुखणे ओढवायचे आणि मग औषध शोधायचे, हे बरे नाही.

त्यानंतर, बाग कशासाठी, हा प्रश्न. येथे भांडणे झाली. कुणाला हारांसाठी फुले हवी होती, कुणाला गुलकंदासाठी पाकळ्या, तर कुणाला येता-जाता डोळ्यांना बरे वाटावे एवढेच. ह्या तिन्ही गोष्टी एकाच झाडाकडून मिळत नाहीत. बाजारातले टपोरे लांब देठाचे फूल दिसते सुरेख, पण त्यातल्या पुष्कळ जातींना वास बेताचाच, आणि गुलकंदाला तर गावठी गुलाबी गुलाबच हवा. म्हणून १५ गावठी, २० पांढरे झुपक्यांचे आणि १० मोठ्या लाल फुलांचे अशी वाटणी केली. वीस रंगांचा मोह सोडला. एकेक रंगाचे एकेक झाड लावले की दुरून वाफा शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्यांसारखा दिसतो. एका रंगाची दहा-वीस झाडे एकत्र असली की रस्त्यावरूनही नजर ठरते. चंदीगडला १९६७ साली झालेली डॉ. झाकीर हुसेन गुलाबबाग ३० एकरांची आहे, तेथे शेकडो जाती शोभतात. आपल्या ६० फुटांत तीन पुरेत.

जागा ठरविताना मी दोन दिवस तासातासाला जाऊन ऊन कोठे पडते ते खुणा करून पाहिले. घरचे म्हणाले, हिला झाले तरी काय! गुलाबाला निदान सहा तास ऊन पाहिजे, पण आपल्याकडचे वैशाखातले दुपारचे ऊन नको. पश्चिमेच्या भिंतीच्या आतल्या बाजूस सकाळचे ऊन भरपूर मिळते आणि तिसऱ्या प्रहरी भिंतीची सावली येते. म्हणून सगळे गुलाब तेथे. भिंत ६० फूट, त्यापासून अडीच फूट सोडून ४-४ फुटांवर १५ गावठी. त्यांच्यापुढे पांढरे २ फुटांवर आणि लाल अडीच फुटांवर, दोन ओळींत एकाआड एक सरकवून. कडुनिंबाच्या घेराखाली एकही नाही, कारण त्याची मुळे सगळे पाणी ओढून घेतात. पायवाटेपासून पहिले झाड ३ फूट आत, म्हणजे मुलांना ओरखडे येणार नाहीत आणि कुणाचा पदर अडकणार नाही. वाट एवढी रुंद की समोरासमोरून हंडा घेतलेल्या दोघी सहज जाव्यात.

खड्डे दीड फूट लांब, रुंद, खोल. मे महिन्यात खणून उन्हात तापू दिले. काळ्या मातीची खोड अशी की पावसात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून प्रत्येक खड्डा पाण्याने भरून पाहिला. तीन खड्ड्यांत दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभे होते. तेथे वाफा अर्धा फूट उंच केला. भरताना माती, गाळ आणि कुजलेले शेणखत सारख्या मापाने घातले, वर दोन मुठी निंबोळी पेंड. ताजे शेण घातले की वाळवी आलीच.

हे खणण्याचे काम ज्या जोडप्याने केले, ते दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला निघून जाते. आपल्या जिल्ह्यात किती घरांना कुलपे लागतात ते मी सांगावयास नको. पहिल्या बागेच्या वेळी पाणी घालणारा माणूस हंगामातून परतायच्या आधीच झाडे वाळली होती. त्यामुळे अवघड कामे दसऱ्याच्या आत संपली पाहिजेत आणि पुढची कामे आपल्या हातांनी व्हावयाजोगी असली पाहिजेत, हेही कागदावर आले. लागवड सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केली.

आता रोपांची मागणी. ती मी रोपवाटिकेच्या मालकांना लेखी दिली. "आइसबर्ग जातीचा पांढरा झुपक्यांचा गुलाब, झाडे २०. डोळा भरून एक वर्ष झालेले असावे. डोळ्याच्या वर निदान दोन चांगल्या फांद्या असाव्यात, खुंटाला फुटवा नसावा, पिशवीत मुळे गोल गुंडाळलेली नसावीत. ही जात नसेल तर न विचारता दुसरी देऊ नये. तीन महिन्यांत मेल्यास बदलून द्यावे. एक तृतीयांश रक्कम त्यानंतर मिळेल." मालक हसून म्हणाले, "काकू, टेंडर काढलं की काय?" मी म्हटले, "टेंडरच समजा." त्यांनी सही केली आणि पुढे चार झाडे मुकाट्याने बदलूनही दिली. आइसबर्ग ही १९५८ सालची जर्मनीची जात, पण आपल्याकडच्या उन्हात बरी टिकते.

लावताना डोळा मातीच्या दोन बोटे वर राहील हे प्रत्येकीने स्वतः वाकून पाहिले. पहिल्या खेपेस तो गाडला गेला होता. गावठी गुलाबाला मात्र ही भानगड नाही. तो फाटा लावून केलेला, स्वतःच्या मुळांवरचा. वरून वाळला आणि बुडातून फुटला तरी गावठीच फुटतो. ह्याचा उपयोग पुढच्या कलमात झाला.

ते कलम आजींमुळे आले. कागद वाचून दाखविला त्या दिवशी त्याही येऊन बसल्या होत्या. सगळे ऐकून म्हणाल्या, "अन् टँकर आल्यावर काय?" मग लिहिले की, वसाहतीत टँकर सुरू झाला की आधी लाल १० झाडांचे पाणी बंद, तरी भागले नाही तर पांढऱ्यांचे, गावठीला शक्य तोवर आठवड्यातून एक तांब्या, आणि तोही नसेल तर तेही सोडावयाचे. ज्यांनी हौसेने लाल गुलाब मागितले होते त्यांचे डोळे भरून आले. झाड लावण्याआधीच त्याच्या मरणावर सही करावयाची, हे कसेतरीच वाटते. पण सगळ्यांनी सही केली. आजींना लिहिता येत नाही, त्यांनी अंगठा दिला. काट्याला पाणी घालता, असे त्या अजूनही म्हणतात, आणि मला ते ऐकावेसे वाटते.

४५ पैकी ४३ झाडे आज उभी आहेत. एक वाळवीने गेले, एक चेंडूने मोडले. मंडळात येईनाशा झालेल्यांपैकी एक वहिनी परत आल्या, एक नाही आल्या.

छाटणी येत्या रविवारी सकाळी ७ वाजता आहे. छाटल्यापासून सहा-सात आठवड्यांत बहर येतो. सगळी एकदम छाटली तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फूल उरणार नाही. म्हणून रविवारी लाल आणि निम्मे पांढरे छाटू, उरलेले पांढरे नोव्हेंबरच्या अखेरीस. कात्र्या मी आणते. प्रत्येकीने जुने जाड पायमोजे आणावेत, हातांत घालावयास. आणि खुंटाचा फुटवा दिसला तर वरून कापू नका, मला हाक मारा. तो मुळापासून उपटावा लागतो.