आपल्या वसाहतीतील मुले आणि कोयता

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त मेळाव्यात शाखा-सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून बोनस, पेन्शन आणि रिक्त जागा यांवर पुष्कळ बोलणे झाले. ते व्हायलाच हवे. पण विषयपत्रिकेवर नसलेला एक प्रश्न मांडण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून मागून घेतली आहे. तो प्रश्न आपल्या पोरांच्या हातातल्या कोयत्याचा आहे.

कोयता हे मुळात कष्टकऱ्याचे अवजार. ऊसतोडीच्या मुकादमाकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. त्या अवजाराचे आज शहरात हत्यार झाले आहे. पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द इतका रुळला की २०२२ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात त्यावर प्रश्न निघाला. २०२३ च्या जानेवारीत पुणे पोलिसांनी कोयतेवाल्यांना पकडणाऱ्या पोलिसांना बक्षिसे जाहीर केली आणि कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहा, असे दुकानदारांना सांगितले. त्याच वर्षी २७ जून रोजी सदाशिव पेठेत भरदिवसा एका मुलीवर कोयता उगारला गेला. तिला वाचवायला धावली तीही विशीतलीच पोरे होती, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. तेव्हा तरुण पिढीच बिघडली, असे कोणी म्हणू नये.

आपण म्हणाल, हे पोलिसांचे काम, युनियनचा काय संबंध? आम्हीही तसेच म्हणत होतो. त्याची काय किंमत पडली ते सांगतो.

आमच्या शाखेचा एक सभासद ट्रॅकवर काम करतो. एका रात्री तो युनियनच्या खोलीवर आला. त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाचा मोबाईलवर व्हिडिओ फिरत होता. कुणा 'भाई'चा वाढदिवस, तलवारीने केक कापणे चालले आहे आणि हा पोरगा शेजारी कोयता घेऊन उभा. बाप म्हणाला, "साहेब, तुम्ही एकदा त्याच्याशी बोला. माझे ऐकत नाही." आम्ही म्हणालो, "अरे, वय आहे, सुटेल." त्या आठवड्यात डीआरएम साहेबांबरोबर बैठक होती. आम्ही तिच्या तयारीला लागलो.

चार महिन्यांनी त्याच मुलाने क्रिकेटच्या भांडणावरून दुसऱ्या मुलाच्या हातावर वार केला. तो मुलगा आपल्याच एका गेटमनचा. त्याची दोन बोटे आजही वळत नाहीत. दोन्ही बाप आमचे सभासद, दोघांची वर्गणी एकाच पावती पुस्तकात. दुसऱ्या दिवशी दोघेही आमच्या दारात उभे राहिले. एक म्हणाला, "माझ्या पोराला सोडवा." दुसरा म्हणाला, "माझ्या पोराला न्याय द्या." पंचवीस वर्षे चार्जशीटला उत्तरे लिहिणाऱ्या आम्हाला त्या दिवशी एक शब्द सुचला नाही.

मुलाला बाल न्याय मंडळापुढे नेले, निरीक्षणगृहात ठेवले. तो सुटला त्या दिवशी फाटकाबाहेर भाईची माणसे हार घेऊन, दोन मोटारसायकली घेऊन हजर होती. बापाची ड्युटी होती. आमच्यापैकी तिथे कोणीही नव्हते.

बंधूंनो, आम्हाला आज बोलायचे आहे ते एवढेच. पोराला रागावणारे पुष्कळ आहेत. भाई मात्र वेळेवर येतो. आपण येत नाही.

हे नवे नाही. गिरणगावाचा इतिहास आठवा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, कामगार मात्र देशोधडीला लागला. टोळ्या मुंबईत आधीही होत्या. पण ज्या चाळीत बाप पाळीवर जात होता तोवर पोराला उद्या आपणही गिरणीत लागणार हे ठाऊक होते. गिरणीचा भोंगा बंद झाला, बाप घरी बसला आणि लालबाग-परळ-भायखळ्याच्या नाक्यांवर टोळ्यांना पाहिजे तितकी पोरे मिळू लागली. पुढे गिरण्यांच्या जमिनींना भाव आला आणि वाद गोळीने मिटवले जाऊ लागले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत खुद्द डॉ. सामंतांचा गोळ्या घालून खून झाला. हत्यार हे कामगाराच्या बाजूचे कधीच नसते, ही त्यातली शिकवण.

आता आपल्या घरात पाहा. १९९१ च्या सुमारास रेल्वेत साडेसोळा लाख कायम कामगार होते, आज बारा लाखांच्या आसपास आहेत. गाड्या वाढल्या, माणसे घटली, उरलेल्या कामात ठेकेदार शिरला. आमच्या बापाला रेल्वेत पाहून आम्ही रेल्वेत आलो. आमच्या मुलाला तो रस्ता दिसत नाही. यामुळे गुन्हा माफ होतो असे नव्हे. गरिबीत वाढलेली बहुसंख्य पोरे कोयत्याला हात लावीत नाहीत. पण रिकामा हात भाई आधी हेरतो.

मग उपाय काय? या प्रश्नाने हैराण झालेल्या एका शहराचे उदाहरण देतो. आम्ही मॅट्रिक शिकलेले, हे सारे विचारून-वाचून समजून घेतले आहे. ते शहर म्हणजे स्कॉटलंडमधील ग्लासगो. आपल्या जुन्या साथींना हे नाव नवे नाही. वाफेच्या किती तरी इंजिनांवर ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीची पाटी असे. १९०३ मध्ये सुरू झालेली ती कंपनी १९६२ मध्ये बंद पडली. जहाजबांधणीही आटली. ज्या वस्त्यांतून कामगार निघत तिथून सुऱ्या घेतलेल्या पोरांच्या टोळ्या निघू लागल्या. २००४-०५ या वर्षी सगळ्या स्कॉटलंडमध्ये सुमारे १४० खून झाले, त्यांत सुरीचे पुष्कळ.

२००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी वेगळे पथक काढले. त्यांनी हा प्रश्न साथीच्या रोगासारखा धरला. रोगी पकडायचाच, पण रोग कुठून पसरतो तेही शोधायचे. २००८ मध्ये टोळ्यांतल्या पोरांना त्यांनी न्यायालयाच्या दालनात बोलावले, शिक्षेसाठी नव्हे, ऐकण्यासाठी. पोलिसांनी बजावले की यापुढे एकाने वार केला तर सगळ्या टोळीच्या मागे लागू. डॉक्टरांनी जखमा कशा असतात ते सांगितले. मुलगा गमावलेली आई बोलली. शेवटी एक फोन नंबर दिला, ज्याला हे सोडायचे आहे त्याने फोन करावा, शिक्षण आणि कामासाठी मदत करू. जबड्यावर टाके घालून थकलेले सर्जन शाळाशाळांतून बोलू लागले. सुरी बाळगण्याची शिक्षाही वाढविली. अलीकडे तिथे वर्षाला त्याच्या निम्म्याहून कमी खून होतात. सगळे श्रेय एकाच उपायाला देता येणार नाही. पण धाक आणि आधार दोन्ही एकत्र लागतात, एवढे त्यातून कळते.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. "अठराच्या आत काही होत नाही" असे भाई पोरांना सांगतो, ते खोटे आहे. त्याच कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. पोरे पकडली जातात, त्यांच्या हाती कोयता देणारा मोकळा फिरतो. त्याच्यावर हे कलम लावा, अशी मागणी युनियनच्या लेटरहेडवर झाली पाहिजे. एकट्या बापाची ती हिंमत होत नाही.

आमच्या शाखेने तीन गोष्टी ठरविल्या आहेत. पहिली, रेल्वे इन्स्टिट्यूट लग्नाला भाड्याने देण्यापुरते राहिले आहे, ते रोज संध्याकाळी सात ते दहा पोरांसाठी उघडे ठेवायचे. कॅरम, व्यायामशाळा, आणि एक मोठा माणूस हजर. दुसरी, दहावी आणि आयटीआय झालेल्या मुलांचे अप्रेंटिसचे फॉर्म युनियनच्या खोलीत बसून भरून द्यायचे, ठेकेदाराच्या कामगाराच्या मुलाचेही. तिसरी, कुणाचा मुलगा चुकला तर ओळख काढून सोडवायला जायचे नाही. बाल न्याय मंडळापुढे बापासोबत बसायचे, जखमी मुलाच्या घरीही जायचे आणि सुटकेच्या दिवशी फाटकावर उभे राहायचे.

टपाल खात्याच्या साथींना एक विनंती. गल्लीतले प्रत्येक दार पोस्टमनला ठाऊक असते. शाळा सुटलेला पोरगा दुपारी ओट्यावर बसलेला तुम्हाला आमच्याआधी दिसतो. चौकीला कळवण्याआधी त्याच्या आईच्या कानावर घाला, आम्हाला कळवा.

तो मुलगा आज एकोणीस वर्षांचा आहे. काही दिवस भाईकडे होता. दुसऱ्या खेपेला आम्ही त्याच्या घरी तीनदा गेलो, तिन्ही वेळा त्याने दार लावून घेतले. चौथ्यांदा चहा झाला. सध्या तो आयटीआयला फिटरच्या वर्गात आहे. दोन बाप अजून एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही त्यांना बळेच हात मिळवायला लावणार नाही. ज्याच्या मुलाची बोटे गेली त्याला राग धरण्याचा हक्क आहे. पण गेल्या वर्गणीच्या वेळी गेटमनने एवढे विचारले, "त्या पोराचे काय चाललेय?"

आम्ही सांगितले, "शिकतोय." तो म्हणाला, "शिकू दे."

साथींनो, ठराव मांडतो आहोत. हात वर करण्यापूर्वी एवढाच विचार करा, पुढच्या वेळी फाटकावर कोण उभे राहणार.

कामगार एकजुटीचा विजय असो!